ओठ तेवढे हाताने

दवाखान्यात तिला सगळे रेघाताई म्हणत, आणि नव्याने आलेल्यांना ते तिचं खरंच नाव वाटे. जबड्याच्या ऑपरेशनआधी रुग्णाच्या चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढायचा, त्यावर ठिपके मांडायचे, ठिपक्यांमधून रेघा ओढायच्या, त्या रेघांवर त्याच माणसाचा फोटो नेमका बसवायचा आणि मग संगणकाला सांगायचं की खालचा जबडा सहा मिलिमीटर मागे घे, वरचा तीन पुढे आण, आता हा माणूस कसा दिसेल ते दाखव. हे काम ती अकरा वर्षं करत होती. दारावरची पाटी सर्जनच्या नावाची होती, पण माणसं ऑपरेशनला तयार व्हायची ती तिच्या टेबलापाशी. आपला पुढचा चेहरा कागदावर छापून हातात आला की भल्या दांडग्या, मिशीवाल्या माणसांचीही वाचा बसायची, आणि काही जण तर त्या फोटोकडे बघून नकळत आपले केस सारखे करायचे.

संगणकाला हाडं कळत. नाक, गाल, हनुवटी यांचंही गणित त्याला बऱ्यापैकी जमे, कारण हाड इतकं सरकलं की वरचं मांस साधारण किती सरकतं हे त्याला शिकवलेलं होतं. ओठांपुढे मात्र त्याने कायमचे हात टेकले होते. जबडा मागे घेतला की खालचा ओठ चुरगळून गोळा व्हायचा, नाहीतर मधोमध फाटल्यासारखी पांढरी फट पडायची, आणि असलं चित्र दाखवल्यावर कुठला शहाणा माणूस आपण होऊन टेबलावर जाऊन झोपेल? म्हणून या कामातले सगळेच जण ओठ तेवढे हाताने बसवतात. त्याची कुणी वाच्यता करत नाही, एवढंच.

रेघाताईने त्यासाठी एक सोय करून ठेवली होती. संगणकात ‘ओठ चांगले’ नावाची एक फाईल होती आणि तिच्यात एकच ओठांची जोडी होती. ती एका वाचनालयातल्या बाईंची. सात वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं, सहा महिन्यांनी त्या फोटो काढून घ्यायला आल्या, आणि त्यांचे मिटलेले ओठ बघून रेघाताईला वाटलं की बसावेत तर असे, ना ओढलेले ना दाबलेले, माणूस काही बोलायच्या आधी घटकाभर थांबलाय असे. तिने तेवढाच तुकडा कापून ठेवला आणि पुढच्या रुग्णाला मापात बेतून, रंग जुळवून तोच लावला. मग त्याच्या पुढच्याला. बाई असो की पुरुष, तो तुकडा कुठे म्हणून अडला नाही. खालच्या ओठावर, मध्यापासून जरा डावीकडे, एक बारीक उभी घडी होती. ती तिने मुद्दाम पुसली नाही, कारण त्या घडीमुळे चेहरा खरा वाटायचा.

ऑपरेशनला सहा महिने झाले की माणसाचा खरा फोटो त्या जुन्या चित्रावर ठेवून बघायची पद्धत होती. जिथे फरक असेल तिथे संगणक लाल ठिपके दाखवी, आणि जगात कुठेही, कितीही नावाजलेल्या हातांनी केलेलं काम असलं, तरी ओठांपाशी थोडं लाल दिसायचंच. रेघाताईच्या चित्रांत गेली काही वर्षं ओठांवर एकही लाल ठिपका आला नव्हता. सर्जन तिचं तोंड भरून कौतुक करी, परिषदांमध्ये तिची चित्रं पडद्यावर दाखवी. तिलाही बरं वाटायचं. कुणाला नाही वाटणार?

त्यात आता तिच्या घरचाच चेहरा यायचा होता. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. लेकीचा खालचा जबडा चौदाव्या वर्षापासून पुढे वाढत गेला होता, समोरचे दात एकमेकांना लागत नव्हते, साधी पोळीसुद्धा तिला दाढेखाली धरून तोडावी लागे, आणि म्हणून ती परक्या माणसांसमोर कधी जेवली नव्हती. बोलताना हात तोंडावर असायचा. वाढ पुरती थांबल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही, म्हणून पोरगी आठ वर्षं थांबली होती. तिचं चित्र रेघाताईनेच केलं, त्याच ओठांनी, आणि लेकीने ते मोबाईलवर लावून घेतलं होतं. दिवसातून वीसदा ती ते बघायची.

ऑपरेशनला नऊ दिवस उरले असताना, एका मंगळवारी, रेघाताई पाण्याची बाटली भरायला बाहेरच्या खोलीत गेली. मंगळवार तपासणीचा. खिडकीखालच्या बाकावर तिघं जण बसले होते, एक बसचालक, एक शिंपीण आणि पोस्टातला एक कारकून. तिघांची ऑपरेशनं वेगवेगळ्या वर्षी झालेली, एकमेकांची तोंडओळखही नाही. शिंपिणीने पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढल्या आणि शेजारच्यांना एकेक देऊ केली. तिघांनी गोळी तोंडात टाकली, ओठ मिटले, आणि रेघाताई बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. खालच्या ओठावर, मध्यापासून जरा डावीकडे, तिघांनाही ती घडी होती.

सुरी चालते ती आतून. सर्जन ओठांना बाहेरून हातही लावत नाही, हे तिला माहीत होतं. हाड कापून सरकवलं म्हणून तीन परक्या माणसांच्या ओठांवर एकाच जागी एकच घडी कशी पडेल? नजर दमली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली, आणि ती समजूत जेमतेम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या बाई आल्या. बोलावलेलं नव्हतं, सात वर्षांत काही तक्रारही नव्हती. सर्जनने त्यांचा ओठ सुईच्या टोकाने टोचून पाहिला, डोळे मिटायला लावून कापसाने स्पर्श केला, आणि ऑपरेशनमध्ये दुखावलेली नस कधीकधी उशिरा त्रास देते म्हणून गोळ्या लिहून दिल्या. बाई निघाल्या त्या रेघाताईच्या टेबलाशी येऊन बसल्या.

“आधी पुस्तकावरची धूळ फुंकता येईना,” त्या म्हणाल्या. शब्द अस्पष्ट येत होते, दुरून आल्यासारखे. “मला वाटलं, वय झालं. मग चहा सांडायला लागला. आता ओठ मिटलेत की उघडे आहेत, ते आरशात बघितल्याशिवाय कळत नाही.”

“डॉक्टर म्हणाले ना, नस आहे म्हणून.”

“म्हणाले खरं.” बाईंनी रुमालाने ओठांचा कोपरा टिपला. “ताई, तुम्ही हसाल. पण दुखत नाहीयेत ते. वापरून झाल्यासारखे वाटतात. मी न वापरताच.”

रेघाताई हसली नाही. बाईंचे ओठ पातळ, फिकट झाले होते, आणि घडी असायची तिथे आता काहीच नव्हतं. बाई गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि एकेक फाईल उघडली. एकेचाळीस माणसांना तिने ते ओठ लावले होते. पहिल्या वर्षीची माणसं टवटवीत दिसत होती. पण अलीकडच्या फोटोंमध्ये, जरी एकही लाल ठिपका नव्हता तरी, ओठ मलूल होते, कार्बन ठेवून काढलेल्या शेवटच्या प्रतीसारखे. आणि एकेचाळिसाव्या मुलीने तपासणीत लिहून दिलं होतं की मला शीळ वाजवता येत नाही. बेचाळिसावी फाईल लेकीची. रेघाताईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने सर्जनला सांगून बघितलं. सगळं सांगायचा धीर झाला नाही, एवढंच म्हणाली की चित्रातले ओठ माणसांच्या तोंडावर येत आहेत.

“यावेत म्हणूनच करतो ना आपण चित्र?” सर्जन म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला. “लेकीचं ऑपरेशन आहे, जीव टांगणीला लागणारच. दोन दिवस सुट्टी घ्या, रेघाताई. मी आहे ना.”

तिने लेकीलाही सांगून बघितलं, की आपण महिनाभर पुढे ढकलू या. लेक ताटावरून उठली नाही, रागावली नाही. दाढेखाली धरलेला घास तिने सावकाश तोडला, चावून गिळला आणि मग म्हणाली, “आई, आठ वर्षं झाली. आता तू तरी थांब म्हणू नकोस.”

पुढे ढकलणं असं संपलं. ओठ न लावता, संगणक देईल तसं चित्र सोडून द्यावं, तर तेही करायची सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी एका गवंड्याचं चित्र घाईत तसंच गेलं होतं, ती पांढरी फट तशीच ठेवून. त्याची फाईल तिने पुन्हा उघडली. त्याच्या खालच्या ओठावर मधोमध एक पांढरी शिवण होती, आणि शेजारी सर्जनच्या अक्षरात लिहिलं होतं, कारण माहीत नाही. चित्रच पुसून टाकलं तर काय येईल, याचा विचार तिने अर्ध्यावर सोडला. एवढी वर्षं माणसांचे चेहरे हलवले, आणि पोटच्या पोरीच्या चेहऱ्यापाशी येऊन आपले हात बांधले गेले, या विचाराने तिला रडायला येई, आणि रडायलाही घरात जागा नव्हती, कारण लेक आनंदात होती, आणि कधी नव्हे ती गाणं गुणगुणत होती.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना ती किल्ली घेऊन गेली. लेकीचे स्वतःचेच ओठ बसवून पाहिले. ते जुन्या जबड्यावर ताणलेले, नव्यावर आणले की फाटायचे. मग ती दुसऱ्या कुणाचे तरी घ्यावेत म्हणून फोटो चाळत बसली. शेकडो माणसं पडद्यावरून सरकत गेली, कुणी तरुण, कुणी म्हातारं, सगळी ओठ मिटून समोर बघणारी. एकीचे छान होते, पण तिने फाईलमध्ये लिहिलेलं होतं की ती बासरी शिकते. एक जण नुकता बाप झालेला. एक जण कुणीच नव्हता, त्याच्याविषयी काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि रेघाताईचा हात त्याच्यावर जरा जास्त वेळ थांबला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, टायमर लावला आणि रुग्ण बसतात त्या स्टुलावर जाऊन बसली. अकरा वर्षं ती इतरांना सांगत आली होती ते स्वतःला सांगितलं, ओठ सैल सोडा, दात हलके टेकवा, समोर बघा. ते ओठ कापून तिने लेकीच्या चित्रावर ठेवले. माप बेतावं लागलं नाही, रंग जुळवावा लागला नाही. जुने तिथे कधी नव्हतेच, असे ते पहिल्याच फटक्यात बसले. मग तिने ‘ओठ चांगले’ ही फाईल पुसून टाकली आणि टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. आपण आई आहोत, एका लेकराला पुरण्याइतकं आपल्यापाशी असेलच, असं तिने स्वतःला दोनतीनदा बजावलं.

“चित्र बदललंस का गं?” संध्याकाळी लेकीने मोबाईल डोळ्यांजवळ नेत विचारलं. “ओठ तुझ्यासारखे वाटतायत.”

“मग काय शेजारणीसारखे वाटायला हवेत?”

लेक हसली, हात तोंडावर ठेवून.

ऑपरेशन पाच तास चाललं आणि निर्विघ्न पार पडलं. नंतरचे दिवस सूज, पातळ सूप, पाटीवर लिहून केलेलं बोलणं आणि दर चार तासांनी औषध यांत गेले. सूज उतरत गेली तसा चित्रातला चेहरा वर येत गेला. तिसऱ्या महिन्यात लेकीने एक सफरचंद समोरच्या दातांनी तोडलं, त्याचा कचकन आवाज झाला आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या आवाजासाठी रेघाताईने काहीही दिलं असतं. काय दिलं ते तिला माहीत होतं, आणि तिची तक्रार नव्हती. तिच्या स्वतःच्या खालच्या ओठाला थोडी बधिरता आली होती, दाढ काढून आल्यावर येते तशी. इतकं चालायचंच, ती म्हणायची.

चेहऱ्यांची चित्रं करणं तिने सोडलं. डोळे दुखतात असं सांगून ती एक्स-रेच्या खोलीत गेली, जिथे फक्त हाडं होती. वाचनालयातल्या बाईंना फोन करावा असं तिच्या अनेकदा मनात आलं, पण धाडस झालं नाही. पाचव्या महिन्यात बधिरता एकदम वाढली. रुग्णांना ‘हलू नका’ म्हणून सांगितलं तरी ते ‘काय?’ म्हणून वळून बघायचे आणि एक्स-रे वाया जायचा.

“आई, पुटपुटू नकोस, मोठ्याने बोल ना,” लेक म्हणायची. ती स्वतः आता दिवसभर बोलत असे, फोनवर, जिन्यात, जेवताना. आठ वर्षांचं साठलेलं बोलणं सांडून चाललं होतं.

सहा महिने झाले तेव्हा सर्जनने दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. बाहेर लख्ख सकाळ होती. त्याने पडद्यावर लेकीचं चित्र उघडलं, त्यावर आजचा फोटो ठेवला आणि खुर्ची मागे सरकवून बसला. एकही लाल ठिपका नव्हता.

“तुम्ही तिकडे जाऊन बसलात, आणि जाताना तो जुना तुकडाही पुसून गेलात,” तो म्हणाला. “माझी पंचाईत केलीत हो. शेवटी हिच्या फाईलमधलेच ओठ काढून घेतले. कुणालाही लावा, बसतात. कमाल आहे तुमच्या हाताची.”

“किती जणांना?” रेघाताईने विचारलं.

“काय म्हणालात?”

“किती जणांना लावले, असं विचारतेय ती,” लेक म्हणाली.

“इथले वीसएक असतील. ते सोडा हो.” सर्जन पुढे झुकला, चांगली बातमी त्याने शेवटपर्यंत राखून ठेवली होती. “सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ओठांसाठी कितीतरी वर्षं डोकं फोडत होती. मी त्यांना हे पाठवले. इतके आवडले त्यांना, की नव्या आवृत्तीत तेच घातलेत. आता हाताने काही करायलाच नको, ओठ आपोआप बसणार. आज सकाळपासून सुरू झालं. इथेच नाही, सगळीकडे. जिथे जिथे हे काम चालतं तिथे.”

लेकीने टाळी वाजवली. “आई, ऐकलंस?”

रेघाताई बोलली. ती म्हणाली की ते थांबवा, आत्ता फोन करा, ते माझे आहेत, माझ्यापाशी तेवढेच आहेत. लहान मुलाला सांगावं तसं तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मग पुन्हा सांगितलं, मोठ्याने, घसा दुखेपर्यंत, मिटलेल्या ओठांआडून. सर्जनने चष्मा काढून समोर ठेवला. लेकीने आपली खुर्ची तिच्या जवळ ओढली. दोघंही तिच्या चेहऱ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ती कधी बोलायला लागते याची वाट पाहत होते.